भाषाविज्ञान आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तत्त्वज्ञानात बी.ए. केलं आणि भाषाविज्ञानात एम.ए. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आणि पुन्हा एम.ए.चे प्रवेश सुरू झाले की, विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील साधारण तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शुल्क, जागा आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या माहितीपत्रकातच पाहा.

१. भाषाविज्ञान म्हणजे मराठी किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. करणंच ना?

नाही. मराठीच्या बी.ए.त मुख्यतः साहित्य शिकवतात. भाषाविज्ञानात भाषेची घडण शिकतात: ध्वनी कसे निघतात आणि त्यांची व्यवस्था कशी लागते, शब्द कसे बनतात, वाक्य कसं जुळतं, अर्थ कुठून येतो, मूल भाषा कसं शिकतं, भाषा का बदलते. कविता आवडते म्हणून इकडे येणाऱ्यांची पहिल्या सत्रात निराशा होते. याउलट ‘आपण पाण्यात “पडलो” म्हणतो, पण प्रेमातही “पडलो” का म्हणतो?’ असले प्रश्न लहानपणी पडत असतील, तर इथे करमेल.

‘भाषाशास्त्र’ आणि ‘भाषाविज्ञान’ ही एकाच विषयाची दोन नावं आहेत. आणि हा विषय शिकून आपोआप दहा भाषा बोलता येत नाहीत.

२. दोन्ही एकत्र कशाला? एक नीट शिकावा, दुसरा आवड म्हणून वाचावा, असं नाही का चालणार?

चालतं, पुष्कळजण तेच करतात. तरी मी एकत्र शिकायचा आग्रह का धरतो, ते एका शब्दावरून सांगतो. शब्द आहे ‘म्हणे’.

‘पाऊस पडला, पण पाऊस पडला नाही’ हे वाक्य स्वतःलाच खोडतं. पण ‘तिकडे पाऊस पडला म्हणे, पण पडलेला दिसत नाही’ हे वाक्य आपण सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. कारण ‘म्हणे’ लावल्यावर पाऊस पडल्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहत नाही. आता भाषाविज्ञानाचा विद्यार्थी पुढे विचारेल: हा शब्द वाक्यात कुठे कुठे बसतो? ‘तो उद्या येणार म्हणे’, ‘तो म्हणे उद्या येणार’, दोन्ही होतं. पण ‘म्हणे तो अभ्यास करतो!’ असं सुरुवातीलाच आलं की अविश्वास डोकावतो. ‘तो आला नाही म्हणे’ यातला नकार येण्याला लागतो, ऐकण्याला लागत नाही. ‘मी असं ऐकलेलं नाही’ हा अर्थ ‘म्हणे’तून काढताच येत नाही.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी वेगळीकडून येईल. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळलेलं हे ज्ञान म्हणायचं का? न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानतं, आणि विश्वासू माणसाचं सांगणं, म्हणजेच ‘शब्द’, हे त्यातलं स्वतंत्र प्रमाण ठरवतं. वैशेषिक दर्शनवाले ते अनुमानात घालतात, तर चार्वाक मानतच नाहीत. मग ‘लहानपणी मी म्हणे फार रडायचो’ या वाक्याचं काय करायचं? इथे गोष्ट माझीच आहे, आणि मला ती आईच्या तोंडून कळलेली आहे.

एकट्या भाषाविज्ञानात ‘म्हणे’ची जागा नीट सांगता येते, पण ते सांगून काय हाती आलं हे निसटतं. एकट्या तत्त्वज्ञानात शब्दप्रमाणावर पानंच्या पानं लिहून होतात, पण आपण रोज बोलतो तो शब्द नजरेतून सुटतो. दोन्ही एकत्र शिकायचे ते यासाठी.

३. बारावीनंतर महाराष्ट्रात दोन्ही विषय एकाच पदवीत मिळतात का?

दोन्ही मुख्य विषय म्हणून एकाच महाविद्यालयात मिळणं अवघड आहे. तत्त्वज्ञान कला शाखेच्या बऱ्याच महाविद्यालयांत असतं. भाषाविज्ञान मात्र पदवीला पूर्ण विषय म्हणून क्वचितच असतं, ते साधारणपणे एम.ए.पासून सुरू होतं.

यातून निघणारा चांगला रस्ता असा: नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तत्त्वज्ञान मुख्य विषय घ्यावा आणि गौण विषय म्हणून मराठी, संस्कृत किंवा मानसशास्त्र. मराठीच्या वरच्या वर्गात भाषाविज्ञानाची एखादी पत्रिका (पेपर) बहुधा असते. प्रवेशाआधी तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि ती पत्रिका गौण विषयवाल्यांनाही मिळते का हे लेखी विचारा. एका विद्यार्थिनीला तोंडी ‘हो’ सांगितलं गेलं आणि तिसऱ्या वर्षी ‘ती फक्त मुख्य विषयवाल्यांना’ असं उत्तर मिळालं. तिचं वर्ष वाया गेलं नाही, पण ज्या पत्रिकेसाठी ती तिथे गेली होती तीच गेली.

गणित घेऊन विज्ञान शाखेत असाल तर आणखी एक वाट आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संगणकशास्त्रातली बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानातली संशोधनपर एम.एस. अशी जोडपदवी आहे. तत्त्वज्ञान तिथे बाजूने शिकावं लागेल.

४. बी.ए. एकात आणि एम.ए. दुसऱ्यात करायचं ठरवलं. आधी काय?

माझं मत: आधी तत्त्वज्ञान. पहिलं कारण व्यवहाराचं आहे, ते प्रश्न ३ मध्ये आलं. दुसरं असं की, भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि तिथे शिकवायला सुरुवात अगदी पहिल्या पायरीपासून होते.

या क्रमाची एक अडचण सांगतो. एम.ए.च्या पहिल्या सत्रात मी अर्थविचारावर, म्हणजे भाषेतल्या अर्थाच्या अभ्यासावर, बारा पानी निबंध दिला. दोन मतं मांडली, तिसरं उभं केलं, आक्षेप घेतले, उत्तरं दिली. सरांनी परत केला तेव्हा पहिल्या पानावर एवढंच लिहिलं होतं: ‘उदाहरणं कुठे आहेत?’ बारा पानांत भाषेचं एकही वाक्य नव्हतं. त्या दिवसापासून मी वही ठेवायला लागलो. बसमध्ये, भाजीवाल्याकडे, लग्नात ऐकलेली वाक्यं तारखेसह लिहितो. तत्त्वज्ञानातून येणाऱ्या प्रत्येकाने ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी.

भाषाविज्ञानातून तत्त्वज्ञानाकडे जाणाऱ्यांचं उलटं होतं. त्यांच्याकडे उदाहरणांचा ढीग असतो, पण ‘यावरून नक्की काय सिद्ध झालं?’ असं विचारलं की ते अडतात.

५. महाराष्ट्रात एम.ए. कुठे करता येईल?

भाषाविज्ञानासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. १८२१ मध्ये सुरू झालेल्या पाठशाळेपर्यंत त्याचं मूळ जातं, आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून नव्याने उभं राहिल्यापासून भाषाविज्ञान हा तिथला कणा आहे. संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं प्रचंड काम तिथेच चालतं. भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी तिथेच शिकवलं. मराठीच्या व्याकरणापासून सौंदर्यमीमांसेपर्यंत लिहिणारे ते या दोन्ही विषयांना जोडणारे आपले सर्वांत जवळचे पूर्वज आहेत. तत्त्वज्ञानाचा विभाग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. म्हणजे पुण्यात दोन्ही विषय आहेत, पण दोन वेगळ्या संस्थांत.

मुंबई विद्यापीठात दोन्ही विभाग कलिन्याच्या एकाच आवारात आहेत, ही मोठी सोय आहे. महाराष्ट्राबाहेर गोवा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचं एम.ए. करता येतं. दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ इथे दोन्ही विषय मिळतात.

एका विभागात प्रवेश घेऊन दुसऱ्याच्या वर्गात नुसतं बसायची परवानगी मागा. मी मागितली होती. दोन वर्षांत एकाही शिक्षकाने नाही म्हटलं नाही.

६. तर्कशास्त्र घ्यावं लागेल का? गणितात मी कच्चा आहे.

घ्यावंच लागेल, आणि लवकर घ्या. दोन्ही विषयांना जोडणारा पूल हाच आहे. त्याला लागणारं गणित वेगळ्या जातीचं आहे, दहावीच्या बीजगणितात अडलेले विद्यार्थी इथे उत्तम चालतात.

उदाहरण पाहा: ‘सगळ्या मुलांनी एक पुस्तक वाचलं.’ सगळ्यांनी मिळून तेच पुस्तक, की प्रत्येकाने आपापलं? दोन्ही अर्थ निघतात. तर्कशास्त्र या दोन अर्थांना दोन वेगळी सूत्रं देतं, आणि फरक फक्त ‘सगळे’ आणि ‘एक’ यांतलं कोण बाहेर आणि कोण आत एवढाच असतो. हे कळलं की पुढची मजा मराठीची: ‘सगळ्या मुलांनी एकेक पुस्तक वाचलं’ म्हटलं की पहिला अर्थ उरतच नाही. शब्द दुप्पट करून आपण तर्काच्या सूत्रातला क्रम पक्का करतो. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यूने १९७०च्या सुमारास नैसर्गिक भाषेला तर्कशास्त्राची सूत्रं लावून दाखवली. आजचा औपचारिक अर्थविचार तिथूनच वाढला.

७. संस्कृत यायलाच हवं का?

सक्ती कुठेच नाही. संस्कृत न येता दोन्ही विषयांत उत्तम काम करणारे आहेत. पण थोडं जरी येत असेल तरी ते सोडू नका, कारण हे दोन विषय एकत्र शिकण्याची सर्वांत जुनी आणि सलग परंपरा संस्कृतात आहे.

व्याकरणकार पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, अगदी सुरुवातीलाच हा प्रश्न येतो: ‘गौः’ (गाय) म्हटलं तर यातला शब्द कोणता? तो गळ्याखाली कातडी लोंबणारा, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेला प्राणी म्हणजे शब्द का? नाही, ते द्रव्य. त्याची हालचाल? ती क्रिया. त्याचा पांढरा-काळा रंग? तो गुण. मग जो उच्चारला असता त्या शेपूट-शिंगवाल्याचं ज्ञान होतं, तो शब्द. हा उतारा मी दरवर्षी पहिल्या तासाला वाचून दाखवतो आणि वर्ग दर वेळी हळूहळू शांत होत जातो.

पुढे व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात हा धागा थेट ज्ञानाच्या स्वरूपापर्यंत नेला. वाक्याचा अर्थ सुट्या पदांच्या अर्थांतून जुळतो, की पदं एकमेकांशी जोडलेलाच अर्थ सांगतात, यावर कुमारिल आणि प्रभाकर या मीमांसकांचे अनुयायी शतकानुशतकं भांडले. तो वाद आजही शिळा झालेला नाही. आणि महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती करणारे जर्मन संस्कृतपंडित कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजातच संस्कृत शिकवत होते.

८. मी मराठी माध्यमातला. इंग्रजी वाचनाची भीती वाटते.

तत्त्वज्ञान मराठीतून पुष्कळ दूरपर्यंत वाचता येतं. तत्त्वज्ञान महाकोश मराठीत आहे, तत्त्वचिंतक मे. पुं. रेग्यांचं लेखन आहे, ‘परामर्श’ आणि ‘नवभारत’ या नियतकालिकांचे जुने अंक आहेत. भाषेविषयी ‘भाषा आणि जीवन’ या नियतकालिकाचे अंक ग्रंथालयात बसून चाळा. भाषाविज्ञानाची पाठ्यपुस्तकं मात्र बहुतेक इंग्रजीतच आहेत आणि ती वाचावी लागतात. पहिले तीन महिने रोज चार पानं, शब्दकोश शेजारी, एवढं केलं की भीती जाते. मी असंच केलं.

मराठी ही तुमची उणीव समजू नका. सामूहिक इराद्यावरचं, म्हणजे अनेकांनी मिळून काही करायचं ठरवण्यावरचं, इंग्रजी तत्त्वज्ञान वाचाल तेव्हा दिसेल की तिथे ‘वी’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे ऐकणारा त्यात आहे की नाही, हे लेखकाला वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे ‘आम्ही जेवायला जातोय’ आणि ‘आपण जेवायला जातोय’ यांतला फरक तीन वर्षांच्या मुलालाही कळतो. पहिलं ऐकून ते रडतं आणि दुसरं ऐकून चपला शोधायला धावतं.

९. दोन्हीत एम.ए. एकाच वेळी करता येईल का?

हो. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर वेळा एकमेकांवर यायला नकोत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन असा मेळही चालतो. पीएच.डी. यात बसत नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तत्त्वज्ञानाचं एम.ए. दूरस्थ पद्धतीने करता येतं, त्यामुळे पुण्या-मुंबईत भाषाविज्ञानाच्या वर्गाला जाऊन तत्त्वज्ञान दूरस्थ करणं हा जमणारा मेळ आहे. दोन्ही संस्थांचे स्वतःचे नियम आधी तपासा आणि परीक्षांच्या तारखा भिडल्या तर काय, हेही विचारून ठेवा.

जमतं, पण करावं का? घरची जबाबदारी किंवा नोकरी असेल तर एकामागून एक करा.

१०. अर्थविचार दोन्हीकडे शिकवतात. तोच निबंध किंवा तेच क्रेडिट दोन्हीकडे चालेल का?

क्रेडिट एकदाच मोजलं जातं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधून, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा राहतात त्या खात्यातून, एका पदवीसाठी वापरलेलं क्रेडिट पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाही. तोच निबंध दोन्हीकडे देणं ही स्वतःच्याच लेखनाची उचलेगिरी मानली जाते, तो देऊ नका. तीच उदाहरणं घेऊन दोन वेगळे प्रश्न विचारणारे दोन निबंध मात्र जरूर लिहा. ‘म्हणे’वर दोन कसे लिहिता येतील हे प्रश्न २ मध्ये दिसेलच.

११. नेट कोणत्या विषयात द्यायची? आणि गेट?

नेट ही सहायक प्राध्यापकाच्या आणि फेलोशिपच्या पात्रतेची परीक्षा. तिच्या विषयांच्या यादीत तत्त्वज्ञानाचा क्रमांक ०३ आणि भाषाविज्ञानाचा ३१ आहे. साधा नियम असा की एम.ए. ज्या विषयात, नेट त्याच विषयात. बी.ए. तत्त्वज्ञान आणि एम.ए. भाषाविज्ञान असेल तर ३१. दोन्ही एम.ए. असतील तर ज्यात पीएच.डी. करायची किंवा शिकवायचं आहे तो निवडा.

एक अपवाद लक्षात ठेवा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्यांना २०२४पासून फेलोशिपसाठी आणि पीएच.डी. प्रवेशासाठी नेट देता येते, आणि ती पदवीच्या विषयाबाहेरच्या विषयातही देता येते. म्हणजे तत्त्वज्ञानाची चार वर्षांची पदवी घेऊन थेट भाषाविज्ञानात नेट देता येईल. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी मात्र ही वाट नाही, त्यासाठी एम.ए. लागतंच.

गेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत दोन्ही विषय मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांच्या एकाच प्रश्नपत्रिकेत आहेत. तर्क आणि आकलनाचा भाग सगळ्यांना सक्तीचा, पुढे दोन्हींतला एकच निवडायचा. आयआयटीत पीएच.डी. करायची असेल तर ती द्या.

१२. परदेशात एकत्र पदवी मिळते का?

मिळते. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात ‘तत्त्वज्ञान आणि भाषाविज्ञान’ अशीच चार वर्षांची पदवी आहे. तिला एम.ए. म्हणतात, पण ती बारावीनंतरची पहिली पदवी आहे. दरवर्षी कुणीतरी आपली बी.ए. झाल्यावर चुकून तिला अर्ज करतं. ऑक्सफर्डला मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि भाषाविज्ञान यांतले विषय जोडून घेता येतात. अमेरिकेतल्या एमआयटीत दोन्हींचा विभाग एकच आहे, पीएच.डी. मात्र वेगवेगळ्या. एम.ए.च्या पातळीवर, तर्कशास्त्र मनापासून आवडत असेल तर, ॲमस्टरडॅमचा दोन वर्षांचा ‘मास्टर ऑफ लॉजिक’ पाहा.

१३. पीएच.डी.चा विषय दोन्हींच्या मधला आहे. कोणत्या विभागात जाऊ?

पुरावा कुठला देणार, त्यावर ठरवा. बोलणाऱ्यांकडून गोळा केलेल्या वाक्यांवर प्रबंध उभा राहणार असेल तर भाषाविज्ञान. ग्रंथ आणि युक्तिवाद यांवर उभा राहणार असेल तर तत्त्वज्ञान. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार आंतरविद्याशाखीय कामासाठी दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेता येतो. तो पहिल्याच वर्षी घ्या. तिसऱ्या वर्षी आलेला सहमार्गदर्शक पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला लावतो.

१४. नोकरीचं काय? घरचे विचारतात.

त्यांचं विचारणं रास्त आहे, त्यांना खरं उत्तर द्या. अध्यापनाच्या जागा दोन्ही विषयांत थोड्या आहेत आणि भरती रेंगाळते. त्या एकाच भरवशावर राहू नका. बाहेर काम आहे: कोश, भाषांतर, पाठ्यपुस्तकं, वाचादोषावरच्या कामाला पूरक संशोधन, आणि भाषा हाताळणाऱ्या संगणकप्रणालींसाठी मराठी मजकूर व आवाज तपासण्याचं आणि त्यांवर खुणा करण्याचं काम. या शेवटच्या कामासाठी पायथॉन ही संगणकभाषा शिकून घ्या, एका उन्हाळ्यात पुरेसं येतं.

स्पर्धा परीक्षा मनात असेल तर एवढं माहीत असू द्या: यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, भाषाविज्ञान नाही.

१५. माझं वय बेचाळीस, बँकेत नोकरी. पदवी नको, फक्त शिकायचंय. सुरुवात कशाने करू?

वहीने. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या वहीने. पहिल्या पानावर ही तीन वाक्यं लिहा:

मीच भात खाल्ला.
मी भातच खाल्ला.
मी भात खाल्लाच.

प्रत्येक वाक्य कोणत्या प्रसंगी खोटं ठरेल, ते त्याच्यासमोर लिहा. पहिलं सोपं आहे: भात आणखी कुणी खाल्ला असेल तर. दुसरंही जमेल. तिसऱ्यापाशी थांबाल, कारण भात खाल्ला असेल तर ते खोटं पाडताच येत नाही, आणि तरीही ‘मी भात खाल्ला’ याहून ते काहीतरी जास्त सांगतं. कुणी नको म्हटलं होतं, की खाल्ला जाणार नाही असं वाटत होतं, की कुणी खरंच खाल्ला का म्हणून विचारत होतं? घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आठवडाभराने ती वही घेऊन जवळच्या महाविद्यालयातल्या तत्त्वज्ञानाच्या किंवा मराठीच्या शिक्षकांना भेटा.